हायड्रोजनचे पाणी, पोटातले जिवाणू आणि रक्तवाहिन्या



मागील हंगामाचे बिल खात्यावर जमा झाले त्याच आठवड्यात एक सभासद हातात रंगीत माहितीपत्रक घेऊन गट कार्यालयात आले. बेण्याची चौकशी असेल असे आम्हांस वाटले. पण त्यांनी पत्रक टेबलावर पसरले आणि म्हणाले, "साहेब, हे हायड्रोजनच्या पाण्याचं मशिन घ्यावं का? आमच्या आळीत तिघांनी पैसे भरलेत." किंमत विचारली तर सव्वा लाख. एकरी चाळीस टन काढणाऱ्या सभासदाच्या एका एकराचे जवळजवळ सगळे बिल त्यात जाते. पत्रकावर छापले होते की या पाण्याने पोटातले चांगले जिवाणू वाढतात, रक्तवाहिन्यांतली चरबी धुऊन निघते आणि ब्लडप्रेशरची गोळी सुटते.

त्यानंतर आणखी सात-आठ सभासद हेच विचारून गेले. म्हणून या खेपेस उसाचा विषय बाजूला ठेवून पाण्याविषयी लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगतो. पण पाण्यातील क्षार, जमिनीतील जिवाणू आणि गोबरगॅसच्या टाकीतील वायू यांच्याशी आमचा रोजचा संबंध येतो, आणि या प्रकरणातील निम्म्याहून अधिक गोष्टी त्याच तीन ठिकाणच्या आहेत. उरलेले आम्ही वाचून काढले.

आधी त्या प्रात्यक्षिकाविषयी. विक्रेता गावात येतो तेव्हा दोन पेले मांडतो. एकात तुमच्या बोअरचे पाणी, दुसऱ्यात त्याने बरोबर आणलेले आर.ओ.चे पाणी. दोन्हींत विजेवर चालणाऱ्या कांड्या बुडवतो. मिनिटाभरात बोअरचे पाणी तपकिरी, मग काळपट-हिरवे होते, वर फेस येतो, खाली गाळ बसतो. दुसरा पेला जसाच्या तसा. "बघा, हे तुम्ही रोज पिता!" असे म्हटल्यावर बायामाणसे तोंडाला पदर लावतात आणि पावतीपुस्तक बाहेर निघते.

आम्ही तसल्या कांड्या मिळवून कारखान्याच्या माती-पाणी प्रयोगशाळेत करून पाहिले. कांड्यांपैकी एक लोखंडाची असते, दुसरी ॲल्युमिनियमची. बोअरच्या पाण्यात क्षार असल्यामुळे त्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा गंज आपल्याला दिसतो. आर.ओ.च्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून काहीच दिसत नाही. त्याच स्वच्छ पाण्यात आम्ही चिमूटभर मीठ टाकले आणि पुन्हा कांड्या लावल्या. तेही तसेच घाण झाले. दिसणारी घाण कांडीची असते, पाण्याची नव्हे. पुढच्या वेळी तुमच्या गावात कोणी पेले मांडले तर त्याला मीठ टाकून दाखवायला सांगा.

आता प्रात्यक्षिक फसवे म्हणून हायड्रोजनचे पाणीच खोटे, असे मात्र होत नाही. इथे बरेच शिकलेले लोकसुद्धा घाई करतात.

पाण्यातून वीज सोडली की एका टोकाला हायड्रोजन आणि दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन सुटतो, हे आपण शाळेत शिकलो. मशिनमध्ये हेच घडते. मॅग्नेशियमची गोळी किंवा कांडी पाण्यात टाकूनही हायड्रोजन निघतो. हा वायू पाण्यात विरघळतो, पण फार थोडा. साध्या हवेच्या दाबाखाली एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त दीड ते पावणेदोन मिलिग्रॅम. वायूच्या मापात धरले तर १८-१९ मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे झाकण दोनदा भरेल एवढा. दाब देऊन यापेक्षा जास्त कोंबता येतो, पण झाकण काढले की तो निघू लागतो. उघड्या तांब्यात भरून ठेवलेल्या पाण्यातला बराचसा हायड्रोजन काही तासांत निघून जातो, आणि उकळले तर काहीच राहत नाही. हायड्रोजनचा रेणू फार लहान असल्याने साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या भिंतीतूनसुद्धा तो झिरपतो. जपानच्या ग्राहक व्यवहार केंद्राने २०१६ साली बाजारातील हायड्रोजन पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा प्लॅस्टिकच्या बाटलीतील दोन मालांत हायड्रोजन सापडलाच नाही. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, तिथल्या सरकारने फसव्या जाहिरातींबद्दल तीन विक्रेत्या कंपन्यांवर आदेश काढले. हे पाणी सर्वांत जास्त गाजले त्या देशातली ही गोष्ट आहे.

मग शास्त्रज्ञ याच्या मागे का लागले? १९७५ साली अमेरिकेत उंदरांच्या कातडीवरील गाठींवर जास्त दाबाखालचा हायड्रोजन वापरून पाहिला गेला होता, पण ते तिथेच राहिले. खरी सुरुवात २००७ साली जपानमध्ये झाली. शिगेओ ओहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ तोडलेल्या उंदरांना हायड्रोजन हुंगवला आणि मेंदूची हानी कमी झाल्याचे दाखवले. त्यांचे म्हणणे असे. शरीरात ऑक्सिजन वापरला जाताना काही तापट कण तयार होतात. त्यांतले काही कामाचे असतात, काही सरसकट जाळपोळ करणारे. हायड्रोजन कामाच्या कणांना हात न लावता सर्वांत घातक कणांनाच शांत करतो. तणनाशक पिकाला न लावता फक्त तणावर पडावे, तसे.

दुसऱ्याच वर्षी, २००८ साली, रक्तवाहिन्यांत चरबीचे थर लवकर बसावेत अशा जातीच्या उंदरांना हायड्रोजनचे पाणी पाजले, तेव्हा थर कमी बसलेले आढळले. पत्रकावरील रक्तवाहिन्यांचा दावा इथून आला आहे. तो हवेतून आलेला नाही, हे मान्य केले पाहिजे.

पण "धुऊन निघते" हा शब्द साफ चुकीचा आहे. तो आपल्याला पटतो कारण आपल्या डोळ्यांपुढे ठिबकची नळी असते. नळीत क्षार बसले की आपण ॲसिड सोडतो, शेवटची तोंडे उघडतो, पांढरा गाळ बाहेर येतो. रक्तवाहिनी तशी नसते. तिच्या आतल्या बाजूला पेशींचे एक पातळ जिवंत अस्तर असते. हे अस्तर एक वायू तयार करून वाहिनी सैल करते, रक्त चिकटू देत नाही. तंबाखू, विडी, वाढलेली साखर, वाढलेला दाब यांनी हे अस्तर बिघडते. मग रक्तातली चरबी अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत शिरते, तिथे ती त्या तापट कणांनी खवट होते, आणि ती उचलायला आलेल्या पांढऱ्या पेशी तिथेच फुगून बसतात. हा थर नळीच्या आत नसतो, भिंतीत असतो. वरून कितीही पाणी गेले तरी तो वाहून जाणार नाही. फार तर अस्तर पुन्हा नीट काम करू लागेल आणि नवा थर बसण्याचा वेग कमी होईल. हायड्रोजनकडून अपेक्षा ठेवायची तर एवढीच ठेवता येते.

माणसांवर काय दिसले? २०१० साली मधुमेह-हृदयविकाराच्या वाटेवर असलेल्या २० जणांना आठ आठवडे रोज दीड ते दोन लिटर असे पाणी दिले. चांगले कोलेस्टेरॉल सुमारे आठ टक्के वाढले. परंतु तुलनेला साधे पाणी पिणारा गट नव्हता, म्हणजे कंट्रोल प्लॉटच नव्हता. आपण खताचा प्रयोग असा केला तर विद्यापीठ तो फेकून देईल. २०१४ साली ३४ जणांवर केलेल्या पाहणीत हायड्रोजन दाबून भरलेले अर्धा लिटर पाणी प्यायल्यावर हाताची रक्तवाहिनी थोडी जास्त सैल होते असे दिसले. २०२० साली ६० जणांची २४ आठवड्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात कंट्रोल गट होता आणि कोणाला कोणते पाणी मिळते हे झाकून ठेवले होते. कोलेस्टेरॉल आणि साखर काही प्रमाणात उतरली. ही पाहणी आम्हांस त्यातल्या त्यात बरी वाटते. पण तीत जास्त हायड्रोजनचे पाणी होते, घरच्या मशिनमधून निघून तांब्यात तासभर राहिलेले नव्हे. आणि या तिन्हींपैकी एकीतही झटके किती आले, लकवे किती झाले हे मोजलेले नाही. वीस, चौतीस, साठ. आपल्या एका गटात एका दिवसाला यापेक्षा जास्त ऊसतोडीच्या चिठ्ठ्या निघतात.

आता पोटातल्या जिवाणूंकडे येऊ. आमच्या मते या प्रकरणातला खरा मजेशीर भाग हाच आहे, आणि पत्रकात नेमका तोच नाही.

गोबरगॅसच्या टाकीत काय चालते ते आठवा. शेणातला चोथा एक प्रकारचे जिवाणू फोडतात. त्यातून आम्ले निघतात आणि हायड्रोजन निघतो. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवतात. तोच आपण शेगडीत जाळतो. दुसऱ्यांनी हायड्रोजन वेळच्या वेळी उचलला नाही तर टाकी आंबते, गॅस बंद होतो. एकदम जादा शेण किंवा खरकटे टाकल्यावर हे घडलेले अनेकांनी पाहिले असेल. गाई-म्हशीच्या पोटातही हेच चालते, कारखान्याच्या डिस्टिलरीतील स्पेंट वॉशच्या बायोगॅस टाकीतही हेच. आणि माणसाच्या मोठ्या आतड्यातही.

माणसाच्या स्वतःच्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत. पण आपण खाल्लेल्या अन्नातला जो चोथा लहान आतड्यात पचत नाही तो मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि हायड्रोजन सुटतो. काही रक्तात जाऊन श्वासातून बाहेर पडतो, काही दुसरे जिवाणू खातात, काही खालून जातो. ज्यांना दूध पचत नाही त्यांची तपासणी आजही फुंकेतला हायड्रोजन मोजूनच करतात. दुधातली साखर न पचता खाली गेली की फुंकेत हायड्रोजन वाढतो.

हा हायड्रोजन किती? अमेरिकेतील मायकेल लेव्हिट यांनी १९६९ साली मोजून ठेवले आहे. उपाशीपोटी मिनिटाला सरासरी ०.२४ मिलिलिटर. आतड्यात दुधाची साखर सोडल्यावर मिनिटाला १.६ मिलिलिटर. आता गुणाकार करून पाहा. मशिनच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त १८-१९ मिलिलिटर. तेवढा हायड्रोजन उपाशी माणसाच्या पोटात सव्वा तासात तयार होतो, आणि जिवाणूंना खायला मिळाले की बारा मिनिटांत.

सव्वा लाखाचे मशिन जन्मापासून आपल्या पोटात बसवलेले आहे, आणि ते विजेवर चालत नाही.

विक्रेत्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्यालेले पाणी जठरातून एकदम रक्तात हायड्रोजन सोडते. दहा-पंधरा मिनिटांत श्वासात त्याची भरती येते आणि तासाभरात ओसरते. आतड्यातला हायड्रोजन मात्र मंद गतीने, दिवसभर येतो आणि त्यातला काही जिवाणूच खाऊन टाकतात. भरती आणि संथ धार यांचा शरीरावर परिणाम वेगळा असू शकतो, असे काही संशोधक म्हणतात. असेलही. पण मग एक अडचण येते. प्यालेला हायड्रोजन जठरातूनच रक्तात आणि तिथून श्वासात निघून जात असेल, तर मोठ्या आतड्यातील जिवाणूंपर्यंत पोचतो कितीसा? फारच थोडा. तरीही २०१८ साली चीनमधील सुझोऊ येथे फुटबॉल खेळणाऱ्या ३८ मुलींवर दोन महिने केलेल्या पाहणीत आतड्यातील जिवाणूंचे प्रकार आणि संख्या वाढलेली दिसली. उंदरांमध्येही असे बदल दिसले आहेत. हा मार्ग नेमका कसा चालतो याचा उलगडा व्हायचा आहे.

चोथ्याचे मात्र तसे नाही. तो आंबला की हायड्रोजनबरोबर ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले निघतात. ब्युटिरिक आम्लावर मोठ्या आतड्याचे अस्तर जगते. अस्तर धड राहिले की आतड्यातली घाण रक्तात झिरपत नाही आणि रक्तवाहिन्यांचा दाह वाढत नाही. जिवाणूंचा रक्तवाहिन्यांशी आणखी एक संबंध २०११ साली अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या संशोधकांनी दाखवला. अंडी-मटणातल्या काही पदार्थांपासून ठरावीक जिवाणू एक वायू करतात, यकृत त्याचे आणखी एक द्रव्य बनवते, आणि ते द्रव्य ज्यांच्या रक्तात जास्त त्यांच्यात रक्तवाहिन्यांचा विकार जास्त आढळतो. रविवारचे मटण बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. म्हटले तर घरीच ऐकून घ्यावे लागेल. पण आठवड्यात चार वेळा आणि बरोबर पांढरा भात, हे काही खरे नव्हे.

सभासद बंधू आम्हांला विचारतात, जिवाणू खताची बाटली ओतली तरी फरक का पडत नाही? आम्ही उलट विचारतो, पाचट जाळले की ठेवले? रानात सेंद्रिय कर्ब नसेल तर बाटलीतले जिवाणू खाणार काय? पोटाचेही तेच आहे. दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा पोटात जावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्वारीच्या १०० ग्रॅम दाण्यात तो सुमारे १० ग्रॅम असतो, बाजरी-नाचणीत ११ च्या आसपास, अख्ख्या हरभऱ्यात २५ च्या आसपास. पॉलिश केलेल्या तांदळात तीनही नाही. दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि पालेभाजी एवढ्यात एका जेवणात निम्म्याहून जास्त काम होते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्या भागात हेच रोजचे जेवण होते. उसाचा पैसा आला, ज्वारीचे रान उसाखाली गेले आणि ताटातली भाकरी मागे पडली. ऊस वाढवणे हे आमचे काम, तेव्हा हा दोष आम्ही दुसऱ्यावर ढकलत नाही. पण पूर्वहंगामी उसात हरभरा घ्या, बांधाकडेला चार सरी ज्वारी टाका, हे आम्ही नेहमी सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे. गंमत म्हणजे हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीसुद्धा नत्र बांधताना हायड्रोजन सोडतात आणि तो जमिनीतले जिवाणू खातात.

चोथा वाढवायचा तो हळूहळू वाढवावा. एकदम उसळींवर उतरलात तर गोबरगॅसच्या टाकीसारखीच गडबड होईल आणि शेजारी बसणारा उठून जाईल. दोन-तीन आठवड्यांत जिवाणू जमवून घेतात.

आता एक गोष्ट सांगायची आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आमच्याच कार्यक्षेत्रातील एका सभासदांनी असे मशिन घेतले. वय साठीच्या आत. ब्लडप्रेशरची गोळी आठ वर्षे चालू होती. विक्रेत्याने त्यांना सांगितले, "काका, एक महिना पाणी प्या आणि गोळी सोडून बघा." त्यांनी सोडली. बरे वाटत होते, कारण दाब वाढलेला माणसाला कळत नाही. सातव्या आठवड्यात लागणीच्या रानात सरी दाखवताना उजवा हात उचलेना आणि बोलणे अडखळू लागले. आमचा चिटबॉय शेजारच्या वाफ्यात होता, त्याने लगेच गाडीत घालून नेले म्हणून निभावले. आता ते चालतात, बोलतात, पण सही डाव्या हाताने करतात. बिलाच्या पावतीवर ती नवी सही पाहिली की आम्हांला बरे वाटत नाही. त्यांनीच सांगितले, "नाव नको, पण लिहा."

म्हणून ज्यांनी मशिन घेतले आहे त्यांना आमचे सांगणे असे. पाणी प्यायचे तर प्या. साधारण माणसाला त्याने अपाय झाल्याचे दिसत नाही. पण गोळी तीच, वेळ तीच. दाब आणि साखर आपल्या आरोग्य केंद्रात मोजून घ्या आणि गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मॅग्नेशियमच्या कांड्या-गोळ्यांचे किंवा क्षारयुक्त मशिनचे पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ज्यांनी फक्त विसार दिला आहे त्यांनी पावती नीट वाचावी, रद्द करण्याची मुदत शिल्लक असेल तर पाहावे.

आपल्या भागातील पाण्याचा खरा प्रश्न वेगळा आहे आणि हायड्रोजनने तो सुटत नाही. वर्षानुवर्षे युरिया जादा टाकल्यामुळे उसाच्या पट्ट्यात विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट आणि क्षार उतरतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे, असे भारतीय मानक आहे. तान्ह्या बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून देणे विशेष वाईट. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढते.

ज्यांना पाणी तपासून घ्यायचे आहे त्यांनी बोअर दहा मिनिटे चालवून मग स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत, त्याच पाण्याने दोनदा विसळून, एक लिटर नमुना भरावा. बाटलीवर सभासद क्रमांक, गावाचे नाव आणि गट नंबर लिहावा आणि त्याच दिवशी गट कार्यालयात किंवा चिटबॉयकडे द्यावा. क्षार, सामू आणि नायट्रेट आमच्या प्रयोगशाळेत पाहिले जाईल. जंतूंची तपासणी आमच्याकडे होत नाही. तिच्यासाठी निर्जंतुक बाटली लागते, ती ग्रामपंचायतीमार्फत सरकारी प्रयोगशाळेतून मागवावी.